जबाबदार व्यक्तीचा रकाना

"हा दात तुझा नाही," भिंगकाका म्हणाले आणि डोळ्यावरचं भिंग न काढताच त्यांनी मान वर केली. त्यामुळे त्यांचा एक डोळा नेहमीएवढा आणि दुसरा बशीएवढा दिसत होता. एरवी या दर्शनाला दात बनवण्याच्या लॅबमधली सगळी माणसं हसत, तीही. आज ती हसू शकली नाही. परत आलेला ट्रे टेबलावर टेकला त्याच क्षणी तिने "माझंच चुकलं असेल, काका" असं म्हणून टाकलं होतं. आणि म्हणून टाकल्यावर नेहमी वाटतं तसं हलकंही वाटून गेलं होतं. ट्रेमध्ये प्लास्टरचा जबडा होता, त्यावर बसवलेली खालची उजवी दाढ, आणि दंतवैद्याची चिठ्ठी : कॅप उंच आहे, तोंड मिटताना बाकीच्या दातांच्या आधी टेकते, पेशंट दोनदा येऊन गेला. आता तिच्या ध्यानात आलं की ही चिठ्ठी तिने पुरती वाचलीही नव्हती. पहिल्या ओळीतलं 'परत' एवढं दिसलं आणि तोंडातून वाक्य बाहेर पडलं, जसा दिवा लावल्यावर डोळा मिटतो.

"असेल माझाच," ती म्हणाली. "मंगळवारी घाई होती ना."

"मंगळवारी तू दिवसभर पुढचे दात करत होतीस. आणि वीस वर्षं तुझं काम बघतोय मी. दाढेवरची खाच तू मागून पुढे आणतेस, आणि शेवटाला ती जराशी डावीकडे झुकते. सही केल्यासारखी. ही बघ." त्यांनी कोरणीच्या टोकाने दाखवलं. "ही सरळ आहे. सरळ आणि घाबरलेली. दोनदा थांबलीय. ही माझी."

"असू दे ना काका. कोणाची का असेना, मी घासून नीट करून देते."

"असू दे कसं?" आता मात्र त्यांनी भिंग काढलं. भिंगामागचा चेहरा तिला वाटला होता त्यापेक्षा बराच म्हातारा निघाला. "तू माझी चूक उचलून घेतलीस, तर माझी नजर अधू झालीय हे मला कोण सांगणार? मी आपला खुशाल कोरत बसेन आणि शहरभर लोकांच्या दाढा उंच होत जातील." ते हसले, पण कोरणी खाली ठेवताना त्यांनी टेबलावरची जागा आधी बोटांनी चाचपली. "परत आलेल्या कामाची वही आण बरं."

वही तिच्याच टेबलाच्या खणात असे. गेल्या तीन महिन्यांत सहा कामं परत आली होती आणि सहाही ओळींच्या शेवटी, चूक कोणाची त्या जागी, तिचं नाव होतं. भिंगकाकांनी वही डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचली. मग फार हळू, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "यातली तुझी किती?" आणि ती त्या सहा ओळी पुन्हा वाचू लागली. ती लपवत नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी कबूल केल्यावर तिने ते काम हाती घेतलं होतं, दुरुस्त केलं होतं, आणि दुरुस्त करता करता ती चूक आपलीच होती असं तिला स्पष्ट आठवूही लागलं होतं : मेण जरा गरम राहिलं होतं, भट्टीचं दार लवकर उघडलं होतं. प्रत्येक चुकीची एक नीटनेटकी आठवण तिच्यापाशी तयार होती. त्या आठवणी खोट्या असतील, तर बाकीच्या कुठल्या खऱ्या?

"आज अर्धा दिवस घे," भिंगकाका म्हणाले. "आई पडलीय म्हणाली होतीस ना? आणि मी उद्या डोळे दाखवायला जातो. झालं तर मग. आणि हे बघ, जाताना माफी मागू नकोस."

"नाही काका. सॉरी," ती म्हणाली, आणि पॉलिशच्या चक्रावर बसलेला माणूससुद्धा चक्र थांबवून हसला. भिंगकाकांनी कपाळावर हात मारून घेतला.

दुपारच्या रस्त्याने ती चालत निघाली. या वेळचा रस्ता तिला अपरिचित होता. दुकानांच्या पायऱ्यांवर ऊन होतं, आणि कामावर नसलेली माणसं जी एक निराळीच चाल चालतात ती चालत होती. 'दादा चार वाजता येणार' हे सकाळपासून तिच्या आत एखाद्या दुखऱ्या दातासारखं ठणकत होतं. आई सोमवारी पडली होती, घरातल्या मोरीकडे जाणाऱ्या बोळात. मनगट मुरगळलं, हाड वाचलं. तिने रात्री दादाला फोन केला तेव्हा त्याने "अरे बापरे" म्हटलं, "फार लागलं का" विचारलं, आणि मग अगदी सहज, लाडिकपणेच म्हटलं, "आंघोळ करून गेलीस आणि पुसायचं राहिलं ना, वेंधळे?" आणि ती म्हणाली होती, "राहिलं असेल माझं." झालं. वेंधळी हे तिचं घरातलं नाव. त्यात काही विखार नव्हता. काही घरांत एखाद्याला बाळ्या म्हणतात, एखादीला ठमी म्हणतात, तशी ती वेंधळी. जिच्या बोटांनी कोरलेल्या दाढांनी शेकडो अनोळखी माणसं रोज जेवत होती, ती.

आता चालताना तिने प्रथमच हिशेबासारखा नव्हे, कामासारखा विचार केला. तिची आंघोळ साडेसहाची. ती घरातून निघाली आठला. आई पडली अकराच्या सुमाराला, शेजारणीने आवाज ऐकला म्हणून वेळ नक्की. बोळात पंखा नाही, पण दोन्ही बाजूंनी वारा येतो. कोणती गोष्ट किती वेळात वाळते हे तर तिचं रोजचं ज्ञान होतं : प्लास्टरला पाऊण तास, चिनीमातीच्या दाताला भट्टीबाहेर सहा मिनिटं, ओल्या फरशीला, फार तर फार, अर्धा तास. साडेचार तास ओली राहणारी फरशी या जगात नव्हती. आणि तरी सोमवारी रात्री तिने गुडघ्यांवर बसून तो कोरडा बोळ पुसला होता, पुन्हा पुन्हा, दोन फडक्यांनी. त्याच्या आधीच्या महिन्यात आई दिवाणखान्यात पडली तेव्हा तिने सतरंजीची कड नीट न घातल्याचं कबूल केलं होतं आणि सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली होती. त्याआधी ओट्याजवळ पडली, तेव्हा तिने स्टूल वाटेत ठेवलं होतं; स्टूल शेजारणीला देऊन टाकलं. घर रिकामं होत चाललं होतं. प्रत्येक पडण्यानंतर एकेक वस्तू दोषी ठरून बाहेर जात होती आणि तिच्यासोबत तिच्या नावाची एकेक कबुली. पण आई पडायची थांबली नव्हती. शेवटी ती अगदी मोकळ्या बोळात पडली, जिथे अडखळायला काही म्हणता काही नव्हतं, तर तिने तिथे पाणी आणून ठेवलं, डोक्यातल्या डोक्यात.

रस्ता ओलांडायचा होता, म्हणून ती थांबली, आणि वाहनं थांबली तरी थांबूनच राहिली.

बाबा एका कारखान्यात अपघातांची चौकशी करत. कुठे पट्टा तुटला, कोणाचं बोट गेलं, की बाबा तक्ता घेऊन जात. त्या तक्त्याचा एक कोरा नमुना तिने लहानपणी पाहिला होता : दिनांक, वेळ, यंत्र, इजेचं स्वरूप, आणि सर्वांत खाली, इतरांपेक्षा रुंद, 'जबाबदार व्यक्ती'. तो रकाना भरल्याशिवाय तक्ता वर जात नसे. बाबा वाईट नव्हते. त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. घरात काही मोडलं, सांडलं, हरवलं, की ते फक्त एक शब्द विचारत, "कोणी?" आणि मग उत्तर मिळेपर्यंत ते बोलत नसत. जेवणाचं ताट पुढे वाढलेलं असे आणि ते त्याला हात लावत नसत. ते जेवत नाहीत म्हणून आई जेवत नसे, आणि आई जेवत नाही म्हणून कोणीच नाही. त्या शांततेला वजन होतं. ती भांड्यांवर बसे, पडद्यांवर बसे, आईच्या मानेवर बसे. एकदा ती शांतता दीड दिवस टिकली होती. तेव्हा ती स्वतः सहा वर्षांची होती, दादा दहाचा. बाबांच्या चष्म्याची काडी मोडलेली सापडली होती, खुर्चीवर. "कोणी?" दादा आपल्या ताटातल्या एकाच बिंदूकडे बघत होता. आईच्या हातातला डाव कढईच्या कडेवर बारीक वाजत होता, आणि तो वाजू नये म्हणून आई तो दुसऱ्या हाताने धरू पाहत होती. ते तिला बघवेना. तिने चष्म्याला हातही लावला नव्हता. ती म्हणाली, "मी."

आणि घर उघडलं. दुसरा शब्द तिला तेव्हाही सुचला नव्हता, आजही सुचत नव्हता. कोणीतरी सगळ्या खिडक्या एकदम उघडाव्यात तसं. दादाने श्वास सोडला, आईने वाढायला घेतलं, आणि बाबा, इतर वेळी जे पेपरामागे असत ते बाबा, जेवण झाल्यावर तिला जवळ घेऊन बसले. "खरं बोलणाऱ्या माणसावर मी कधीच रागावत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी काळा दोरा आणला, मोडलेली काडी जोडून धरली, आणि दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं. "ताणून धर. सोडू नकोस. एकाला लागून एक वेढा." त्यांच्या मोठ्या बोटांच्या मध्ये तिची लहान बोटं होती, वेढे इतके नीट बसत गेले की शेवटी ती दुरुस्ती एखाद्या नक्षीसारखी दिसू लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली होती. बाबांची हनुवटी तिच्या डोक्यावर तोवर कधी टेकलेली तिला आठवत नव्हती. ती न केलेल्या गोष्टीच्या बदल्यात मिळाली होती, म्हणून ती कमी उबदार नव्हती. हीच तर त्यातली अडचण होती. पुढे पुढे शांतता जमायला लागण्याआधीच ती बोलू लागली. घराला सवय लागली. घराने तिला काही केलं असं तिला कधी वाटलं नाही. उलट तिला वाटे, हे घर आपण चालवतो. आई कामावर जाते, बाबा कामावर जातात, आपण हे काम करतो.

पुष्कळ वर्षांनी, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, दादाने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तो चष्मा खरंच तू मोडला होतास का ग? कारण मी नव्हता मोडला. मला वाटायचं, तू मला वाचवलंस." तिलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. दोघं वेड्यासारखी हसत सुटली. आई विचारत आली, काय झालं हसायला, तर दोघं आणखीच हसली. कोणी मोडला होता मग? आईने? की बाबा स्वतःच त्यावर बसले होते? त्याची चौकशी आता होणं शक्य नव्हतं. रकाना भरलेला होता.

तिचं स्वतःचं लग्न सहा वर्षं टिकलं. नवरा सज्जन होता. किल्ल्या त्याने हरवल्या तरी "माझ्याच हातून कुठे गेल्या असतील" म्हणत ती शोधायला लागे. तो उशिरा आला तरी तिनेच वेळ नीट सांगितलेली नसे. सुरुवातीला त्याला ते गोड वाटे, मग सोयीचं, आणि मग भीतीदायक. जाताना तो म्हणाला होता, "तुझ्याशी एकदासुद्धा भांडता आलं नाही मला. भिंत असती तरी हात दुखला असता." आणि ती म्हणाली होती, "हो, चुकलंच माझं." तो कपाळाला हात लावून जिन्यावर बसला होता, बॅग शेजारी ठेवून, बराच वेळ.

घरी पोचून तिने दार उघडताच आतून आईचा आवाज आला. "कोण? वेंधळी का? आज लवकर कशी, हाकललं का तुला?"

"हाकललं."

"बरं झालं. चहा टाक. या एका हाताने मला साखरेचा डबासुद्धा उघडत नाही, परवा झाकणाशी कुस्ती खेळले." आई खिडकीजवळच्या खुर्चीत, पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून बसली होती, एखाद्या लहान मुलाने आपली वस्तू जपावी तशी. तिच्या कानामागचे केस सकाळपासून सुटले होते. ती जवळ गेली, केस बांधून दिले, आणि आईने मान मागे टेकून डोळे मिटून घेतले. "तुझा हात हलका आहे हं," आई म्हणाली. "दादाच्या बायकोने विंचरलं ना, की मला वाटतं शेत नांगरतेय." हे आईचं प्रेम होतं. त्यात खोट नव्हती. तिच्यावाचून आईचं पान हलत नव्हतं, आणि आईने तिला बोल लावल्यावाचून तिचा दिवस उजाडत नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच धाग्याने इतक्या नीट विणलेल्या होत्या की एक उसवली तर दुसरी राहील की नाही, हे विचारायचं धाडस तिला आजवर झालं नव्हतं.

"दादा यायच्या आत तोंड धुऊन घेते," म्हणत आई उठली. आणि तिने बघितलं. रोज बघत होती, आज बघितलं. आईने आधी खुर्चीची पाठ घट्ट धरली. उभी राहिली. पाऊल टाकलं नाही. डोळे मिटले, मान किंचित कलती केली, जणू लांबून कोणी हाक मारतंय आणि ती नीट ऐकू यावी म्हणून थांबलीय. एक, दोन, तीन, चार. मग डोळे उघडून ती चालू लागली, भिंतीला हात लावत. हे थांबणं तिच्या ओळखीचं होतं. गेले दोन महिने आई तिच्यासमोर उठून अशी डोळे मिटून गप्प उभी राहत होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाटे, आई आपल्यावर रागावलीय, काही बोलायचं गिळतेय. आपण काय केलं असेल हे शोधण्यात ती इतकी गुंतून जाई की आई उभी राहू शकत नाहीये हे तिला दिसलंच नव्हतं. एखाद्या कॅपचा रंग हजारातून ओळखणारे तिचे डोळे! मघाची भिंगकाकांची कोरणी चाचपणारी बोटं तिला आठवली. म्हणजे ही नुसती तिच्यापुरती गोष्ट नव्हती. तिने घेतलेल्या प्रत्येक दोषाखाली कोणाचं तरी काहीतरी झाकलं गेलं होतं, आणि ते तिथे, अंधारात, वाढत होतं. आई पुन्हा पडेल. पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही.

दादा आणि वहिनी चारला पाच मिनिटं कमी असताना आले. दादाने नेहमीप्रमाणे तिच्या पाठीत एक थाप मारली, "काय वेंधळे, बारीक झालीस," आणि नेहमीप्रमाणे तिला आवडतात ती बिस्किटं आणली होती, आईला आवडतात ती विसरला होता. वहिनीने आईचं मनगट हातात घेऊन पट्टी कशी बांधलीय ते बघितलं, "आई, सूज उतरलीय हं" म्हटलं. सगळे बसले. दादाने कप खाली ठेवला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले, आणि तिला वाटलं बाबा बसले आहेत. त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं.

"तर काय झालं नक्की?" दादा म्हणाला. "फरशी ओली राहिली होती ना?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "हिला सकाळी घाई असते," ती म्हणाली, मायेने म्हणाली. "पुसायचं राहतं हिचं."

"पुसत जा ग जरा. एवढंच तर करायचंय. या वयात हाड मोडलं म्हणजे काय ते माहितेय ना?"

तिची जीभ टाळ्याला टेकलेली होती; शब्द तिथेच, दातांच्या मागे, तयार होता. तो उच्चारायला काही लागत नव्हतं. सगळे बिस्किटं खातील, दादा तिला चिडवेल, आई संध्याकाळी जास्तच प्रेमाने वागेल.

"फरशी कोरडी होती, दादा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी साडेसहाला आंघोळ केली. आई पडली अकराला. फरशी कोरडी होती. सतरंजीचंही तसंच. मी ती नीटच घातली होती. आणि स्टूल भिंतीला लागून होतं."

"मग पडली कशी?"

"मला माहीत नाही."

हे वाक्य या घरात पूर्वी कोणी बोललं असेल असं तिला वाटेना. ते बाहेर पडलं आणि खोलीत शांतता आली. तीच ती. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती, घर बदललं होतं, पण शांततेला पत्ता बरोबर सापडला. आतून सहा वर्षांची एक मुलगी अगदी काकुळतीला येऊन म्हणू लागली, म्हणून टाक ना, म्हण ना, आईचा हात बघ. आईचा चांगला हात खरंच हलत होता. खुर्चीच्या दांड्यावर बोटं बारीक वाजत होती. तिने त्या मुलीला जवळ धरलं. तिला काही समजावलं नाही, समजावण्यासारखं काही ठाऊकही नव्हतं. फक्त धरून बसली, आणि बोलली नाही.

"मी एक विचारू का?" वहिनी कपाकडे बघत म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून मनात आहे. तुमच्या घरात एखादी गोष्ट आपोआप पडतच नाही का हो कधी? आमच्याकडे तर रोज काही ना काही पडायचं. आम्ही उचलायचो."

कोणी हसलं नाही. दादाने तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. प्रथमच तो थोडा गोंधळलेला, थोडा लहान दिसला. शांतता आणखी लांबली. आणि ती मोडली तेव्हा आवाज इतका बारीक होता की तो कोणाचा हे कळायला क्षण गेला.

"मला गरगरतं," आई म्हणाली.

"काय?"

"उठले की गरगरतं. सगळी खोली अशी डावीकडे जाते. थोडं थांबलं की परत येते. कधी येत नाही." ती अजूनही खिडकीबाहेरच बघत होती. "दोन महिने झाले."

"दोन महिने? अग, मग बोलली का नाहीस?"

आईने उत्तर दिलं, पण दादाला नाही. ती आपल्या मुलीकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आईच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं : वर्गात उभं केलेल्या मुलीचं ओशाळलेपण. "भीती वाटली," आई म्हणाली. "म्हटलं, काहीतरी मोठं निघेल. आणि तू होतीस ना. तू 'माझं चुकलं' म्हणायचीस आणि मला वाटायचं, चला, सतरंजीच होती. मला खरंच वाटायचं ग तसं. तुझ्या बाबांच्या वेळीही... तू बोललीस की मला सुटल्यासारखं व्हायचं. एकदाही म्हटलं नाही मी, की ही कशी असेल, ही तर माझ्याजवळ पोळपाटापाशी बसली होती." तिने आवंढा गिळला. "रागावलीस?"

तिने आत शोधलं. इतकी वर्षं तिथे हात घातला की एकच वस्तू हाताला लागे. आज दुसरी लागली. ती गरम होती, बरीच जुनी होती, आणि आश्चर्य म्हणजे ती हातात धरूनही आई तेवढीच आपली वाटत होती. "हो," ती म्हणाली. "रागावलेय."

"फार?"

"अजून कळत नाही. बघते."

आईने मान हलवली, कोणी नीट माप घेऊन सांगावं आणि ते पटावं तशी. तिचे डोळे भरले होते, पण खांदे उतरले होते. दोन महिने, की चाळीस वर्षं, वर धरलेले खांदे. दादा उठून खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारून आला. त्याला कोणावर तरी चिडायचं होतं आणि खोलीत तसं कोणी नव्हतं. "उद्या डॉक्टरकडे जायचं," तो शेवटी म्हणाला. "दहाची वेळ घेतो. मी नेतो आईला."

"तुला रजा..." तिने सुरुवात केली, आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं. तो नेईल.

"तोंड धुते मी," आई म्हणाली आणि उठू लागली. सवयीने तिचा हात मुलीकडे आला. आपलाही हात सवयीने अर्धा उचलला गेलेला तिला दिसला, आणि तेवढ्यात दादा पुढे झाला होता. "थांब, थांब. आधी उभी राहा नुसती. डोळे उघडे ठेव. गेली का खोली डावीकडे?" "गेली." "आली का परत?" "येतेय." "येऊ दे, आपल्याला कुठे गाडी पकडायचीय." दोघं बोळाकडे निघाली, पावलांचा आवाज सावकाश लांब गेला. त्याला आईला कुठे धरायचं ते माहीत नव्हतं, हे तिला आवाजावरून कळत होतं : तो काखेत धरत होता, कोपराखाली धरायला हवं होतं. आई त्याला सांगेल. वहिनीने एक बिस्किट उचलून तिच्या हातात दिलं आणि काही न बोलता दुसरं स्वतः घेतलं. ती खुर्चीत मागे टेकली. खुर्चीला पाठ होती हे तिला नव्याने कळलं.

आत काहीतरी जोरात आपटलं आणि घरंगळत गेलं.

ती खुर्चीच्या कडेवर आली होती. तोंड उघडलं होतं, शब्द ओठांवर होता. वहिनीचं बिस्किट अर्ध्यावर थांबलं होतं.

"काही नाही, काही नाही!" आतून दादा ओरडला. "मी पाडली. बादली होती. माझा पाय लागला." आणि मग, जरा थांबून, नव्या आवाजात, काहीशा नवलाने, "सगळं पाणी सांडलं ग!"

"अरे मग पूस ना," आईचा आवाज आला. "बघतोस काय?"

ती उठली नाही. फडकं घासल्याचा, बादली सरळ केल्याचा आवाज येत होता, आणि आई त्याला कोपऱ्यातलं राहिलेलं पाणी दाखवत होती. तिने हातातलं बिस्किट खायला सुरुवात केली.